काकांच्या गिटारला दांडा बसवावा का?

सहावी तार (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा काढायची ही पहिलीच वेळ. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे काकांची गिटार आहे. जपानी, सत्तरच्या दशकातली, गिब्सनच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाची. डोक्यावरचं कंपनीचं नाव झिजून नुसती सोनेरी भुकटी उरलीय, त्यामुळे कुठल्या कंपनीची ते विचारू नका. काकांनी ती १९८१ मध्ये मुंबईत बोटीवर काम करणाऱ्या एकाकडून घेतली आणि पुढं दहाएक वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवली. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज. गणपतीत तर अकरा दिवस घरी फक्त झोपायला यायचे म्हणे. मग कीबोर्डवाल्यांचे दिवस आले, आठ जणांचं काम दोघांत व्हायला लागलं आणि गिटार माळ्यावर गेली. २०१९ मध्ये मला दिली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "वाजवणार असशील तर ने. शोभेला टांगणार असशील तर राहू दे माळ्यावरच."

वाजवतोय. रोज नाही, पण आठवड्यातून चार दिवस तरी.

आता मला तिला व्हायब्रॅटो बसवायचाय, म्हणजे दाबला की सगळ्या तारा एकदम सैल करून सूर हलवणारा दांडा. त्यातला बिग्सबी नावाचा. मोठे चाळे करायचे नाहीत. कॉर्ड वाजवून सोडली की शेवटी जी मंद लाट हवी असते, तेवढीच पाहिजे. एका तारेवर ती बोटानं निघते, पण सहाही तारा एकदम हलवायच्या तर बोटं काय करणार? गिटारची मान हलकेच ढकलून बघितलं. येतं तसं, पण पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या मानेवर रोज जोर द्यायचा म्हणजे जिवावर येतं.

अडचणी दोन. लेस पॉलसाठीचा बिग्सबी, बी-७ मॉडेल, बसवायला वरच्या फळीत आणि बुडाच्या कडेला स्क्रू मारावे लागतात. शेजाऱ्याचं ड्रिल आणून ठेवलंय आणि तीन रविवार ते तसंच परत गेलंय. दुसरं, ज्याला विचारावं तो सांगतो की दांडा लावला की गिटार सुरात राहत नाही.

भोकं न पाडता काही जमतं का? आणि जमत असलं तरी करावं का?


चोर्ला घाट

पहिल्यांदा ते ड्रिल कायमचं परत दे.

भोकं न पाडता दोन वाटा आहेत. एक, व्हायब्रामेट नावाची बसवणी. ही धातूची पट्टी आहे. तुझा आताचा टेलपीस (तारांची बुडाकडची टोकं धरणारा आडवा तुकडा) काढायचा, त्याच्या दोन बोल्टांच्या जागा आणि बुडाचं पट्ट्याचं बटण, यांच्या आधारानं ही पट्टी बसते, आणि बिग्सबी त्या पट्टीवर. लाकडाला नवीन स्क्रू एकही लागत नाही. उद्या नको वाटलं तर काढायचं आणि जुना टेलपीस परत लावायचा. दुसरी वाट म्हणजे ड्यूसेनबर्गचा लेस ट्रेम. तो थेट टेलपीसच्याच जागी बसतो, आटोपशीर आहे. पण तुला ती लोंबणारी चकचकीत तबकडी आणि वरचा वळणदार दांडा डोळ्यापुढं दिसत असेल तर लेस ट्रेमनं समाधान होणार नाही, हे आधीच सांगतो.

वजनाचा विचार कर. बी-७ पाव किलोच्या वर भरतो आणि तो सगळा बुडाकडं. लेस पॉल आधीच जड, उभ्यानं वाजवणार असशील तर रुंद पट्टा घे.

आता सुरात राहण्याचं. मी माझ्या गिटारवर नऊ वर्षं बिग्सबी वाजवतोय, पणजीपासून हुबळीपर्यंत. दहांतल्या आठ वेळा दोष दांड्याचा नसतो, नटाचा असतो, म्हणजे डोक्यापाशी ज्या तुकड्याच्या खाचांतून तारा जातात त्याचा. लेस पॉलचं डोकं मागं कललेलं असतं आणि तारा पिळायच्या चाव्या तीन इकडं, तीन तिकडं. त्यामुळं मधल्या दोन तारा, डी आणि जी (चौथी आणि तिसरी), नटातून बाहेर पडल्या की बाजूला वळतात. सरळ जाणारी तार खाचेत घसरते, वळलेली तार खाचेच्या भिंतीला घासते. दांडा नसलेल्या गिटारला याचा त्रास कमी, कारण तार फारशी सरकतच नाही. दांडा आला की प्रत्येक दाबाला तार नटातून मागं-पुढं जायला बघते, आणि जिथं अडकते तिथं सूर बिघडतो.

फोटो टाक. बुडाचा, नटाचा आणि टेलपीसचा जवळून.


निपाणीकर ७२

काय करायलायस बाबा. चांगली गाय दूध देतीय तर तिला शिंगाला घुंगरू कशाला?

आमच्याकडं एकाकडं होती दांड्याची गिटार, १९८८-८९ ची गोष्ट. चिकोडीला लग्नाच्या आदल्या रात्री कार्यक्रम. पहिल्या गाण्यात पोरानं हौसेनं दांडा हलवला. दुसऱ्या गाण्यापासून गिटार एका पट्टीत, बाजा एका पट्टीत, आणि गाणारी बाई दोघांच्या मधी. तिनं मधल्या वेळेत त्याला काय सुनावलं ते हितं लिहिण्याजोगं न्हाय. वऱ्हाडी मंडळींना काय कळलं न्हाय म्हणा, ती जेवणाकडं बघत हुती. पण आमचं आम्हाला कळतंय की.

काकांनी दहा वर्षं वाजवलेली गिटार हाय ती. काकांना विचारलंस का? ते अजून हाईत न्हवं? मग हितं काय विचारतोस, तिकडं विचार.


खानापूरची

मध्येच एक बाळबोध प्रश्न. माझ्या गिटारला (स्ट्रॅटच्या घाटाची, स्वस्तातली) दांडा आहे. दुकानदार त्याला ट्रेमोलो म्हणाला, तुम्ही व्हायब्रॅटो म्हणताय. एकच का?

आणि माझी तर पावसात एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात. हे नॉर्मल आहे?


चोर्ला घाट

बाळबोध अजिबात नाही, हा घोळ सत्तर वर्षांचा आहे.

व्हायब्रॅटो म्हणजे सूर खालीवर होणं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, सूर जागच्या जागी. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्यानं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर (तुझी स्ट्रॅट) काढली तेव्हा दांड्याच्या यंत्रणेला नाव दिलं ट्रेमोलो, १९५६ च्या पेटंटवरही तेच. आणि याच गृहस्थाच्या कंपनीच्या ॲम्पवर ज्या चॅनेलला व्हायब्रॅटो लिहिलेलं असायचं ते आवाज लहानमोठा करायचं. म्हणजे दोन्हीकडं उलटं! पाटी त्यानं लावली आणि अख्खं जग तसंच म्हणायला लागलं. बिग्सबीनं मात्र आपल्या यंत्राला पहिल्यापासून व्हायब्रॅटोच म्हटलं. दुकानात काहीही म्हण, समजतं.

तुझ्या तारेचं अगदी नॉर्मल. स्ट्रॅटच्या पोटात मागं स्प्रिंगा असतात, पाचांपर्यंत बसतात. पुढून सहा तारा ब्रिजला (तारा टेकतात त्या घोडीला) एका बाजूला ओढतात, मागून स्प्रिंगा दुसऱ्या. ही रस्सीखेच बरोबरीत सुटली की ब्रिज तरंगतो. एक तार तुटली की एका बाजूचा गडी कमी झाला, स्प्रिंगा ब्रिजला मागं ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. दांडा वापरत नसशील तर ब्रिजच्या ठोकळ्यामागं लाकडाची चिप्पी घट्ट बसव, म्हणजे तो हलणारच नाही. फक्त खाली दाबायचा असेल तर स्प्रिंगांचे स्क्रू आवळून ब्रिज फळीला टेकव. वर पण ओढायचा असेल तर मागच्या कडेला साधारण ३ मिलिमीटर मोकळं ठेवतात.

बिग्सबीत स्प्रिंग एकच, दांड्याखाली, बाटलीच्या बुचाएवढी. त्यामुळं तो कमी हलतो. अर्धा सूर, फार तर एक. धागाकर्त्याला तेवढंच पाहिजे, म्हणून त्याची निवड चुकीची नाही.


जवारी (अथणी)

मी सतारवाला, तेव्हा माझं मत बाहेरच्या माणसाचं समजा.

निपाणीकरांचं घुंगरू आवडलं, पण पटलं नाही. सतारीवर मींड काढतो ती तार पडद्यावर आडवी ओढून. ओढली की ताण वाढतो, सूर चढतो. गिटारवाले बेंड म्हणतात तेही तेच. म्हणजे दोन्हीकडं बोटानं फक्त वर जाता येतं. सुराच्या खाली उतरायचं तर आधीच ओढून ठेवायची आणि मग सोडत यायचं. दांड्याची गंमत अशी की तो दाबला की तारा सैल होतात आणि सूर स्वतःहून खाली झुकतो, सुटल्यावर जागेवर येतो. मोकळ्या तारेलाही! सतारीत मोकळ्या तारेचं आम्ही काहीच करू शकत नाही.

दरबारी रागातला कोमल गंधार घ्या. तो आंदोलित आहे, स्थिर उभा राहत नाही, सावकाश खाली झुकत झुकत डोलतो. मित्राच्या बिग्सबीवर मी स्वतः करून बघितलंय, दोन बोटांनी दांडा नुसता श्वासाएवढा दाबायचा. अगदी गंधार नाही, पण ओळखीचा वाटला. घाईत हलवला की तो दरबारी राहत नाही, चित्रपटातलं भूत येतं.

एक मात्र लक्षात ठेवा. सहा तारा एकदम सैल केल्या तरी सगळ्या सारख्या उतरत नाहीत. एखादी पाव सूर उतरते, दुसरी त्याच्या दुप्पट. म्हणून कॉर्डवर दांडा खोल दाबला की कॉर्ड आतून मोडते. हलका ठेवला तर कान माफ करतो.


सीमावासी

आधी धाग्यात बेळगाव की बेळगावी ते ठरवा, मग गिटारचं बघू.


व्यवस्थापक

त्याला वेगळे चौदा धागे आहेत. इथं तारांपुरतं बोलूया.


उद्यमबाग लेथ

जवारी, चित्रपटातलं भूत लई भारी.

मी गिटार वाजवत नाही, माझा मुलगा वाजवतो. मी आयुष्यभर टर्निंग आणि मिलिंग केलंय. तर धंद्याच्या बाजूनं.

हा पॉल बिग्सबी मूळचा आपल्यासारखाच कारखान्यातला माणूस. कॅलिफोर्नियात मोटारसायकली बनवणाऱ्या क्रॉकरकडं काम केलेला, पॅटर्न (ओतकामाचे नमुने) बनवणारा, स्वतः मोटारसायकलच्या शर्यती मारणारा. मर्ल ट्रॅव्हिस नावाच्या गिटारवाल्याकडं डॉक कॉफमननं काढलेला जुना दांडा, व्हायब्रोला, होता, तो हलवला की गिटार बेसूर. ट्रॅव्हिसनं बिग्सबीला विचारलं, हे दुरुस्त होतं का. बिग्सबीनं दुरुस्तीचा नाद सोडला आणि चाळीसच्या दशकाच्या शेवटी नवीनच यंत्र केलं. आणि हा कॉफमन पुढं कुणाचा भागीदार? लिओ फेंडरचाच. म्हणजे सुरात न राहण्याची तक्रार या बिग्सबी दांड्याच्या जन्माच्या आधीपासूनची आहे, निपाणीकर, तुमच्या चिकोडीपासूनची नाही.

ते यंत्र म्हणजे ॲल्युमिनियमची वाळूच्या साच्यातली ओतीव. पॅटर्न करायचा, वाळूत दाबायचा, रस ओतायचा, मग घासूनपुसून पॉलिश. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सकाळी आठला जी फाउंड्रीची वाळू उडते, तोच धंदा. मुलाचा बिग्सबी हातात घेऊन पहिल्यांदा मी त्याची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, शोधली. बायको म्हणाली, तुम्हाला गाणं सोडून सगळं दिसतं.

आता कामाचं. सहावी तार, तुझी गिटार जपानी. अमेरिकन गिटारच्या टेलपीसचे बोल्ट ५/१६ इंचाचे, इंचाला २४ आटे. आशियातल्या गिटारना बहुतेक एम ८ चे, म्हणजे ८ मिलिमीटरचे, मेट्रिक आटे असतात. व्हायब्रामेटच्या खोक्यातले बोल्ट तुझ्या बुशात (बोल्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत) एक-दीड फेरा जातील आणि अडकतील. तिथं जोर लावू नकोस! बूश लाकडात ठोकून बसवलेलं असतं. आटे गेले किंवा बूश उपटून आलं तर ज्या भोकाला घाबरत होतास त्यापेक्षा मोठं भोक होईल. पट्टी मागवलीस तर बोल्ट घेऊन माझ्याकडं ये, पितळेचे एम ८ काढून देतो. मापाला जुना टेलपीसचा बोल्ट आण.


सहावी तार

बापरे, आटे हा प्रकार माझ्या डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद!

चार फोटो टाकतोय. करंट गेलाय, त्यामुळं टॉर्चच्या उजेडात काढलेत. नट हाडाचा आहे, पिवळा पडलाय.


उद्यमबाग लेथ

तिसरा फोटो मोठा करून बघ. बुडाला, पट्ट्याच्या बटणाच्या दोन्ही अंगाला एकेक ठिपका. भोवतीचा रंग थोडा वेगळा चमकतोय. ते भोक बुजवलेलं आहे. लाकडी काडी ठोकून वर रंग.

तिथं बिजागरीचा पट्टा होता कधीतरी. तुझ्या गिटारला दांडा आधीच लागून गेलाय.


खानापूरची

अय्या!!


निपाणीकर ७२

मी काय म्हणलो. काकांना इचार.


सहावी तार

विचारलं. रविवारी त्यांच्याकडं जेवायला गेलो तेव्हा फोनवर तो फोटोच पुढं धरला.

काका चष्मा वर करून बघत बसले आणि म्हणाले, "अजून दिसतंय व्हय? तीन हात मारले होते रंगाचे."

गोष्ट अशी. १९८५ मध्ये मडगावच्या एका वादकानं आपल्या गिटारचा दांडा काढून टाकला होता, तो काकांनी विकत घेतला. बुडाला बिजागरीनं टांगायचा प्रकार. इथल्याच शहापुरातल्या एका सुताराकडं जाऊन दोन स्क्रू मारून घेतले. म्हणजे ज्या भोकांसाठी मी तीन रविवार घालवले ती काकांनी एका दुपारी पाडली, आणि सुताराला तेव्हा पैसेसुद्धा दिले नाहीत, चहावर भागवलं.

एक गणपती वाजवला त्यावर. रोज रात्री तिसरी तार चढायची. दांडा दाबून सोडला की ती मेली चढलेलीच राहायची. काका प्रत्येक गाण्यानंतर वळून चावी पिळायचे आणि निवेदक तेवढा वेळ विनोद सांगून भरून काढायचा. "त्याचे विनोद संपले, मग मी दांडा काढला," असं म्हणाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काढला, भोकांत काड्या ठोकल्या. यंत्राचं पुढं काय झालं? तबकडी कुठंतरी हरवली, आणि स्प्रिंग त्यांनी स्कूटरच्या स्टँडला लावली. ती स्कूटर विकली तरी स्प्रिंग चांगली होती म्हणे.

मी विचारलं, मग मी लावू का? तर म्हणाले, "तिसरीचं काय करणार ते आधी सांग."

तर तिसरीचं काय करणार?


चोर्ला घाट

काकांनी चाळीस वर्षांपूर्वी अचूक निदान सांगून ठेवलंय, त्यांना फक्त ते निदान आहे हे कुणी सांगितलं नाही.

नीट बघ. दांडा दाबला की ब्रिजकडची तार सैल होते. नट आणि चावीमधल्या तुकड्यात ताण तसाच असतो, तो तुकडा नटातून थोडी तार आपल्याकडं ओढून घेतो. दांडा सोडला की ती तार परत पुढं यायला पाहिजे. नटाच्या खाचेत अडकली तर येत नाही, वाजणाऱ्या भागात तार कमी पडते, सूर चढा राहतो. याच्या उलट, बेंड मारून सोडल्यावर तार उतरलेली राहिली, तरी तोच नट दोषी. तिसरीच का? कारण वर लिहिलेलं वळण, आणि ती बिनगुंडाळीची सगळ्यात जाड तार, खाचेत पाचरीसारखी बसते.

काकांना विचार, त्या वेळी तारा कुठल्या मापाच्या लावायचे. मी पैज लावतो, मिळतील त्या.

करायचं काय: सावकाश चावी पिळताना नटापाशी "टिंग" असा आवाज येतो का ऐक. येत असेल तर खाच अरुंद आहे. जी तार लावणार त्याच जाडीच्या तुटक्या तारेला हजार नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेत पुढं-मागं चार-पाच हात फिरव. खोल करायची नाही, फक्त भिंती गुळगुळीत. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (पडद्यावर) झणझणते आणि नवा नट घालावा लागतो. मग मऊ पेन्सिलीचं शिसं, ६ बी वगैरे, खाचेत घास. ग्राफाइट हेच सगळ्यात स्वस्त वंगण. शिलाई मशीनचं तेल घालू नकोस, ते लाकडात उतरतं. चावीवर तारेचे दोन-तीनच वेढे, दहा नाहीत. ब्रिजच्या खाचांनाही तेच शिसं. रोलर ब्रिज (ज्यात तारा छोट्या चाकांवरून सरकतात) लगेच घेऊ नकोस, जुने रोलर खुळखुळतात, आधी आहे त्यावर बघ.


जवारी (अथणी)

घोडीवर तार कशी टेकते यावर आमच्या मिरजेच्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. जवारी काढताना, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा आवाज जुळवताना, कानस फिरवायची आणि कान लावायचा, परत फिरवायची. नट करताना तेच करा. पेपर चार वेळा, मग तार लावून ऐका. एका बैठकीत संपवायचं काम नाही ते.


सहावी तार

दीड महिन्यानं लिहितोय, पार्सल यायलाच बावीस दिवस लागले.

काकांच्या तारांबद्दल पैज चोर्ला घाट जिंकले. ११ चा संच (पहिली तार इंचाच्या ११ हजारांश जाडीची) मिळाला तर ११, नाहीतर १०, आणि तिसरी तुटली की जी सापडेल ती. नट मात्र एकच. मी १० वर ठेवलंय.

बोल्ट अगदी सांगितल्यासारखे अडकले. एक फेरा, आणि खट्ट. उद्यमबागेत गेलो. तिथल्या आमच्या सभासदानं पितळेचे दोन बोल्ट असे काढून दिले की बसवताना हातानंच आत गेले. पैसे घेतले नाहीत, पण गिटार आणून वाजवून दाखवायची अट घातली. लेथच्या शेजारी बसून वाजवलं. बाजूच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, तो तेवढ्यापुरता बंद केला त्यांनी.

तारा घालणं हा मात्र शुद्ध छळ आहे. बिग्सबीत तारेच्या टोकाचा छल्ला एका छोट्या खिळ्यावर अडकवायचा आणि तार दांड्याच्या रुळाखालून फिरवून वर आणायची. चावीकडं ताण येईपर्यंत छल्ला तीन वेळा निसटतो. चौथ्या वेळी मी गिटारशी बोललो, काकांनी शिकवलेल्या भाषेत. उपाय इथल्याच एका जुन्या धाग्यात सापडला: टोक जाड पेन्सिलीभोवती आधीच वाकवून घ्यायचं, आणि रुळाखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा दाबून ठेवायचा म्हणजे छल्ला जागचा हलत नाही. तार ताणली की स्पंज काढायचा.

मग ॲम्प लावला तर घूंऽऽ. तारांना हात लावला तरी बंद होईना. रात्री बारापर्यंत पिकअप उघडून बसलो. चूक माझीच: फळीला ओरखडा नको म्हणून पट्टीखाली फेल्ट आणि बोल्टांना प्लास्टिकचे वॉशर घातले होते. आतली अर्थिंगची वायर टेलपीसच्या बुशाला जोडलेली असते. तारांचा आणि त्या बुशाचा धातूचा संबंधच मी तोडून टाकला होता. एका बोल्टचा वॉशर काढला, आवाज गेला.

नट जवारींच्या पद्धतीनं केला. चार हात, ऐका, चार हात. तीन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिंग येत होता, तिसऱ्या दिवशी गेला.

आणि काकांना बोलावलं. त्यांनी कॉर्ड वाजवायच्या आधी फक्त तिसरी छेडली. दांडा दाबला, सोडला, परत छेडली. परत दाबला. असं सात-आठ वेळा, चेहऱ्यावर काहीही नाही. मग म्हणाले, "जरा चढतीय अजून." मी ट्यूनर लावला तर खरंच काटा केसभर उजवीकडं. काका म्हणाले, "राहू दे, हे विनोदाशिवाय निभेल."

त्यानंतर दीड तास गिटार माझ्या हातात आली नाही.


निपाणीकर ७२

हे बरं केलंस. काकांना चिकोडीच्या त्या पोराबद्दल सांग, बरं वाटंल त्यास्नी.

आणि एक. जुना टेलपीस आणि त्याचे बोल्ट एका डब्यात घालून वर गिटारचं नाव लिहून ठेव. स्कूटरला लागंल न्हाईतर.


खानापूरची

माझ्या नटातून पण टिंग येतो!! आत्ताच ऐकला. हजार नंबरचा पेपर खानापुरात हार्डवेअरच्या दुकानात मिळेल ना?


उद्यमबाग लेथ

मिळेल. ओला वापरायचा तो, वॉटर पेपर म्हणून माग. पण नटाला कोरडाच फिरव, आणि तारेवर गुंडाळताना एकच वेढा. दोन घेतलेस तर खाच रुंद होईल.


चोर्ला घाट

सहावी तार, केसभर चढतेय ती ब्रिजच्या खाचेची असेल. तिसऱ्या तारेखालची खाच भिंगानं बघ आणि फोटो टाक. दिवसाउजेडी काढ या वेळी.